पावाच्या खालच्या बाजूचं लोणी

लोणी घरचं होतं, पण ते घरच्यांसाठी नव्हतं. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात मार्सलीन नावाच्या छोट्याशा गावाबाहेर एलायस डिस्ने नावाचा एक शेतकरी राहत असे. माणूस कष्टाळू, देवभीरू आणि कमालीचा काटकसरी. घरात घुसळलेलं लोणी विकून चार पैसे यावेत, पोरांच्या पावावर ते वाया जाऊ नये, असा त्याचा दंडक होता. त्याची बायको फ्लोरा नवऱ्याशी वाद घालत नसे. ती पावाला लोणी लावायची आणि लोण्याची बाजू खाली करून पाव मुलांच्या ताटलीत ठेवायची. बापाला वरून कोरडा पाव दिसायचा आणि पोरं मुकाट्याने खायची. त्या पोरांतलं एक म्हणजे चार भावांमधला सर्वांत धाकटा वॉल्ट डिस्ने.

डिस्ने म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिकी माऊस उभा राहतो. दूरदर्शनवर रविवारी मिकी आणि डोनाल्ड बघण्यासाठी आंघोळीची घाई करणारी मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्याच्या चित्रपटांवर, त्याच्या उद्योगावर, त्याच्या स्वभावावर भरपूर पुस्तकं निघाली आहेत. मला मात्र या माणसाकडे त्याच्या ताटावरून बघावंसं वाटलं. त्याला निमित्त झालं ते फ्लोरिडातल्या त्याच्या नावाच्या नगरीत घेतलेलं एक महागडं जेवण. भूमध्य सागराच्या काठचे पदार्थ, उंचावरची जागा, खाली चमचमणारे दिवे असा सगळा थाट. त्या जेवणाविषयी पुढे सांगेन. पण त्या टेबलाशी पोचायला वॉल्टला किती ताटं ओलांडावी लागली, ते आधी सांगायला हवं.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. १९०६ साली कुटुंब मार्सलीनला आलं. सफरचंदाची झाडं, गाई-डुकरं आणि गावातून धडधडत जाणारी आगगाडी, एवढ्यावर त्या मुलाचं बालपण संपन्न झालं. ही चंगळ चारपाच वर्षंच टिकली. शेती परवडेना, वडील आजारी पडले, शेत विकावं लागलं आणि १९११ साली सगळे कॅन्सस सिटीला आले. तिथे एलायसने वर्तमानपत्रं घरोघर टाकण्याचा धंदा विकत घेतला आणि मुलांना कामाला जुंपलं. वॉल्ट तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा. पहाटे अंधारात उठायचं, गुडघाभर बर्फातून पेपर टाकायचे, मग शाळा आणि शाळा सुटली की पुन्हा पेपर. असं सहा वर्षांहून जास्त काळ चाललं. बाहेरच्या पोरांना या कामाचा पगार मिळायचा, घरच्या पोराला मिळायचा नाही. त्याला खाऊ-पिऊ घालतो तेवढं पुरे, असा बापाचा हिशेब होता. पुढे जगभर नाव झाल्यावरही, एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेलाय या स्वप्नाने हा माणूस रात्री दचकून जागा होत असे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका चालवायला फ्रान्सला जाण्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. वय सोळा, त्यात वडिलांचा ठाम नकार. आईने नवऱ्याच्या नावाची सहीसुद्धा स्वतःच करून टाकली आणि चिरंजीवांनी अर्जावर जन्मसाल १९०१ चं १९०० करून घेतलं. लोण्याची बाजू फ्लोराने पुन्हा एकदा खाली ठेवली होती. वॉल्ट फ्रान्सला पोचला तेव्हा युद्ध संपलं होतं. त्याचा सतरावा वाढदिवस तिथेच, अनोळखी मुलखात साजरा झाला.

परत आल्यावर त्याने कॅन्सस सिटीत चित्रं काढायचं काम धरलं. तिथे अब आयवर्क्स नावाचा विलक्षण हाताचा चित्रकार त्याला मित्र म्हणून लाभला. १९२२ साली, विशी गाठली न गाठली तोच वॉल्टने स्वतःची कार्टून फिल्म कंपनी काढली. कंपनीचं बिऱ्हाड मॅकोनाहे बिल्डिंग नावाच्या दुमजली इमारतीत होतं. चित्रं चांगली निघत होती, पण ज्यांनी ती विकत घेतली त्यांनी पैसे बुडवले. हाताखालची मुलं एकेक करून गेली. राहायच्या खोलीचं भाडं देता येईना म्हणून वॉल्ट कचेरीतच झोपू लागला. आठवड्यातून एकदा रेल्वे स्टेशनवर जाऊन, काही सेंट मोजून आंघोळ करायची आणि परत यायचं. मोच्याकडे दुरुस्तीला दिलेले बूट सोडवून आणायला दीड डॉलर नव्हता, अशीही एक वेळ आली.

याच इमारतीत तळमजल्यावर एक छोटी खानावळ होती. ती चालवणारे दोघे भागीदार ग्रीक होते. भूमध्य सागराच्या काठावरून पोटासाठी अमेरिकेत आलेली ही माणसं वरच्या मजल्यावरच्या त्या हडकुळ्या पोराला उधारीवर जेवू घालत. उधारी वाढत गेली तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. खानावळ काही धर्मशाळा नव्हे. पुढे एके दिवशी त्यांच्यातला एक जण वर गेला आणि त्याने पाहिलं, की हा पोरगा रिकाम्या कचेरीत खोक्यावर बसून डब्यातल्या गार घेवड्याच्या बिया शिळ्या पावाशी खातो आहे. त्या भल्या माणसाला राहवलं नाही. तो त्याला खाली घेऊन गेला आणि जेवू घातलं. डिस्नेच्या चरित्रांत ही हकिगत दोन-चार ओळींत उरकलेली असते. मला मात्र ती वाचताना थांबावंसं वाटलं. वॉल्ट डिस्नेचं भूमध्य सागराशी पहिलं नातं जडलं ते असं, उधारीच्या वहीतून.

१९२३ साली कंपनीचं दिवाळं निघालं. वॉल्टने कॅमेरा विकून कॅलिफोर्नियाचं तिकीट काढलं. खिशात उरले चाळीस डॉलर. पण तिकीट मात्र पहिल्या वर्गाचं. माणूस कसा होता हे एवढ्यावरून समजावं. लॉस एंजेलिसला त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा भाऊ रॉय क्षयावर उपचार घेत होता. या दोघांनी मिळून १६ ऑक्टोबर १९२३ रोजी स्टुडिओ सुरू केला. काकाने कुरकुरत पाचशे डॉलर उसने दिले. तेव्हा दोघे भाऊ स्वस्तातल्या खाणावळीत जात, एक जण मांसाची ताटली घेई, दुसरा भाजीची, आणि टेबलावर बसून दोन्ही अर्धी अर्धी वाटून घेत. घरी स्वयंपाक रॉय करायचा. वॉल्टने त्या स्वयंपाकाला इतकी नावं ठेवली, की रॉयने वैतागून कॅन्सस सिटीला आपल्या वाग्दत्त वधूला, एड्नाला, लग्नाला ये म्हणून कळवलं. एप्रिल १९२५ मध्ये त्यांचं लग्न झालं. जुलैमध्ये वॉल्टनेही स्टुडिओतच काम करणाऱ्या लिलियनशी लग्न केलं. डिस्ने घराण्याचे दोन संसार असे एका बेचव जेवणामुळे मार्गी लागले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. १९२८ साली त्याचा ऑस्वल्ड नावाचा ससा वितरकाने कायद्याच्या कलमावर बोट ठेवून काढून घेतला, बरोबरचे बरेचसे चित्रकारही फोडले. त्या धक्क्यातून मिकी जन्माला आला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये आवाजासह झळकलेल्या 'स्टीमबोट विली'ने हा उंदीर घरोघर पोचवला. इटलीत त्याला टोपोलिनो म्हणू लागले. टोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर. १९३२ च्या अखेरीला त्या नावाचं साप्ताहिकही तिथे निघालं. कॅन्सस सिटीतल्या खोक्यावर बसून गार बिया खाणाऱ्या पोराचा उंदीर दहा वर्षांच्या आत भूमध्य सागराच्या काठी पोचला होता.

१९३५ च्या उन्हाळ्यात तो स्वतःही तिकडे गेला. दोघे भाऊ आणि दोघी जावा, लग्नाला दहा वर्षं झाल्याचं निमित्त. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असा तो प्रवास होता. पॅरिसला राष्ट्रसंघातर्फे त्याचा सन्मान झाला. परत येताना त्याने काय आणलं असेल? तीनशेहून अधिक सचित्र पुस्तकं. परीकथा, प्राण्यांच्या गोष्टी, जुन्या चित्रकारांची रेखाटनं. ती स्टुडिओच्या ग्रंथालयात लागली आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या चित्रकारांनी त्यातून जंगलं, वाडे आणि गल्ल्या उचलल्या. इटलीतल्या 'पिनोकिओ'वरचा त्याचा चित्रपट १९४० साली आला. युरोपातल्या खाद्यपदार्थांचं मात्र त्याला फारसं कौतुक नव्हतं. त्याची आवड अखेरपर्यंत बदलली नाही. डबाबंद चिली, म्हणजे मसालेदार खिमा आणि राजम्यासारख्या बिया, हे त्याचं पक्वान्न. तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र करून खायचा, कारण एकात मांस जास्त असायचं आणि दुसऱ्यात बिया. ज्या बियांनी उपाशी दिवसांत साथ दिली, त्यांना त्याने श्रीमंतीतही अंतर दिलं नाही.

२१ डिसेंबर १९३७ रोजी 'स्नो व्हाइट' प्रदर्शित झाला. सुमारे दीड दशलक्ष डॉलर खर्चून केलेला हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट बुडणार, असं सगळा धंदा म्हणत होता. तो तुफान चालला. या चित्रपटात सात बुटके सूप पितात असा एक लांबलचक प्रसंग तयार झाला होता. वॉर्ड किंबल या तरुण चित्रकाराने त्यावर कित्येक महिने घालवले होते. कथा रेंगाळते म्हणून वॉल्टने तो सबंध प्रसंग काढून टाकला. बुटके हात धुतात, पण जेवताना आपल्याला दिसत नाहीत, ते त्यामुळे.

यशाच्या त्या पैशातून दोघा भावांनी आईवडिलांना लॉस एंजेलिसजवळ घर घेऊन दिलं. त्या घराच्या उष्णतेच्या भट्टीत दोष होता. २६ नोव्हेंबर १९३८ रोजी तिच्यातून झिरपलेल्या विषारी वायूने फ्लोरा गेली. लोण्याची बाजू खाली करून पाव वाढणारी आई मुलांनी प्रेमाने दिलेल्या घरात गेली. वॉल्ट या विषयावर त्यानंतर जवळजवळ कधीच बोलला नाही. बोलणार तरी काय?

त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग लिहिताना लेखणी जरा जड होते. १९४० साली बरबँकला नवा, वातानुकूलित, देखणा स्टुडिओ उभा राहिला. त्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर बड्या पगाराच्या लोकांसाठी खास क्लब होता. तिथे खाणंपिणं, व्यायामशाळा, आराम अशी सगळी सोय. खाली चित्रांना शाई आणि रंग भरणाऱ्या मुलींना तुटपुंजा पगार होता आणि वरच्या त्या टेबलावर त्यांना जागा नव्हती. आधीच्या लहानशा स्टुडिओत सगळे एकाच पंगतीत होते, आता पंक्तिभेद झाला, ही सल अनेकांच्या मनात होती. 'पिनोकिओ' आणि 'फँटसिया' युरोपातल्या युद्धामुळे पैसा परत आणू शकले नाहीत, नोकऱ्या जाऊ लागल्या आणि २९ मे १९४१ रोजी संप झाला. वॉल्टला तो संप घरच्यांनी केलेल्या विश्वासघातासारखा वाटला. संपवाल्यांतल्या काहींना त्याने कधी माफ केलं नाही आणि १९४७ साली वॉशिंग्टनला जाऊन साक्षही त्यांच्याविरुद्ध दिली. पगाराची मागणी करणाऱ्या मुलांकडे बघताना त्याला स्वतःचे ते बिनपगारी पेपर टाकण्याचे दिवस का आठवले नसतील? मला वाटतं, बापाचा स्वभाव मुलामध्ये कुठे दडून बसलेला असतो ते मुलाला स्वतःला कधीच दिसत नाही. सगळ्यांना खाऊ घालतो तेवढं पुरे, हा एलायसचाच हिशेब होता.

पण तोच वॉल्ट आपल्या दोन मुलींचा बाप म्हणून अगदी वेगळा होता. डायन १९३३ ची, आणि शॅरनला १९३६ अखेर घरी दत्तक आणलेलं. शनिवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला नेई. मुली घोड्यांवर आणि हा बाकावर, शेंगदाणे खात. तिथे बसून त्याच्या मनात आलं, की मुलांची मजा आणि मोठ्यांचं बाकावर ताटकळणं असं का असावं? आईबाप आणि मुलं बरोबरीने रमतील अशी जागा का नसावी? आपल्याकडे जत्रेत पाळण्याखाली पिशवी सांभाळत उभ्या राहिलेल्या प्रत्येक बापाला हा प्रश्न कळेल. वॉल्टने तो सोडवायचं मनावर घेतलं. बँका तयार नव्हत्या, भाऊ तयार नव्हता. मग त्याने आयुर्विम्यावर कर्ज काढलं आणि टेलिव्हिजन कंपनीशी करार केला. अनाहाइम इथली संत्र्यांची एकशेसाठ एकर बाग घेऊन, जेमतेम वर्षभरात, सुमारे सतरा दशलक्ष डॉलर खर्चून डिस्नेलँड उभं केलं.

त्याआधी एकच महिना, जून १९५५ मध्ये, 'लेडी अँड द ट्रॅम्प' पडद्यावर आला होता. त्यातलं जेवण कोण विसरेल? इटालियन खानावळीची मागची बोळ, चौकटीचा टेबलक्लॉथ, मेणबत्ती, मालक आणि आचारी वाजवत-गात उभे, आणि एकाच ताटलीतली शेवयांसारखी स्पॅगेटी खाता खाता नाकाला नाक लागलेले दोन कुत्रे. एक घरंदाज, एक बेवारस. हे दृश्य वॉल्ट गाळायला निघाला होता. कुत्र्यांनी स्पॅगेटी खाणं हास्यास्पद दिसेल अशी त्याला धास्ती होती. फ्रँक थॉमस या चित्रकाराने आपल्या जबाबदारीवर ते रेखाटून दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा विचार बदलला. मला या दृश्यात नेहमी दुसरंच काही दिसतं. खानावळीचा मालक त्या बेवारस कुत्र्याला मागच्या दाराशी टेबल मांडून, पैसे न घेता, घरच्या पाहुण्यासारखं जेवू घालतो. कॅन्सस सिटीतल्या त्या ग्रीक खानावळवाल्यांचा हा चुलतभाऊच म्हणायचा. वॉल्टच्या मनात ते होते की नाही, देव जाणे.

१७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचं उद्घाटन झालं. बोलावणी अकरा हजारांना होती आणि माणसं आली अठ्ठावीस हजार, कारण खोटे पास छापले गेले होते. ऊन रणरणतं, नुकतं ओतलेलं डांबर मऊ, त्यात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतत होत्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं दोन्ही वेळेत पुरी होणं शक्य नव्हतं. वॉल्टने स्वच्छतागृहं निवडली. दुपारपर्यंत खाद्यपदार्थ संपले. तरी दुसऱ्या दिवशी लोक रांगेत उभे होतेच. प्रवेश मोठ्यांना एक डॉलर, मुलांना पन्नास सेंट, खेळांची तिकिटं वेगळी. उद्यानात मद्य मिळणार नाही, हा नियम त्याने घातला. स्वतः संध्याकाळी व्हिस्की घेणारा माणूस तो, पण कुटुंबाच्या जत्रेत दारुडे नकोत, हे त्याचं म्हणणं.

घरी त्याच्या खाण्याची काळजी वाहिली ती थेल्मा हॉवर्ड या बाईंनी. १९५१ मध्ये त्या डिस्नेंकडे घरकामाला आल्या आणि तीस वर्षं राहिल्या. कामावरून परतताना वॉल्टला भूक आवरत नसे, म्हणून त्या फ्रिजमध्ये सॉसेज तयार ठेवत आणि हा लक्षाधीश दारातून आत येताच ती थंडच खाऊन टाकी. सणाला तो त्यांना कंपनीचे शेअर भेट देई आणि विकू नका म्हणून बजावत असे.

१५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने वॉल्ट गेला. पासष्टावा वाढदिवस होऊन दहाच दिवस झाले होते. आयुष्यभराच्या सिगारेटींनी हिशेब चुकता केला. फ्लोरिडात त्याने सत्तावीस हजारांहून जास्त एकर दलदलीची जमीन गुपचूप खरेदी करून ठेवली होती. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या रॉयने ते काम अंगावर घेतलं, १ ऑक्टोबर १९७१ रोजी नगरी सुरू केली, धाकट्या भावाचं पूर्ण नाव तिला दिलं आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला तोही गेला. अर्ध्या ताटलीचा वाटेकरी शेवटपर्यंत वाटेकरी राहिला.

त्यानंतर डिस्नेच्या उद्यानांतलं जेवण बदलत गेलं. एप्रिल १९९२ मध्ये पॅरिसजवळ उद्यान उघडलं तेव्हा वॉल्टचा जुना नियम तिकडेही नेला होता. जेवणाबरोबर वाइन नाही म्हणताच फ्रेंच मंडळी खवळली आणि पुढच्याच वर्षी नियम मोडावा लागला. तोक्योजवळ सप्टेंबर २००१ मध्ये उघडलेल्या डिस्नेसी उद्यानाचा दर्शनी भागच मुळी भूमध्य सागरी बंदरासारखा बांधला आहे. आणि फ्लोरिडात डिसेंबर २०१९ मध्ये रिव्हिएरा नावाचं निवासस्थान उघडलं. फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्याची ही कल्पना वॉल्टच्या युरोपातल्या प्रवासांवरून सुचली, असं कंपनी सांगते. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर टोपोलिनोज टेरेस हे उपाहारगृह आहे. उंदराचंच नाव, पण थाट राजेशाही.

आमच्या मुलाचं बिऱ्हाड अमेरिकेत आहे, आणि तिकडे गेलेल्या प्रत्येक मराठी आईबापांना ऑर्लँडोची वारी चुकत नाही. सूनबाईंनी दोन महिने आधीच तिथे टेबल राखून ठेवलं होतं. सकाळी या जागी मिकी आणि मंडळी टेबलाटेबलाशी येतात, रात्री मात्र त्यांना प्रवेश नाही. नीटनेटके कपडे करून यावं, अशी अपेक्षा असते. हाताने केलेला पास्ता, मासे, ऑलिव्हचं तेल, पाव, सगळं नेमकं आणि चवदार. वाढणारी माणसं अदबशीर. काचेपलीकडे दूरवर आतषबाजी सुरू झाली आणि नातवाने खुर्ची सोडून काचेला नाक लावलं. जेवण उत्तम होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बिल बघून मुलाने ते पटकन घडी घालून बाजूला सारलं, तेव्हा मला उगीचच फ्लोराबाई आठवल्या. आपल्या माणसांना किंमत दिसू नये, घास तेवढा गोड लागावा, म्हणून केलेली तीही एक चलाखीच.

खाली उतरलो तर वाटेवरच्या एका बाकावर एक कुटुंब बसलं होतं. बापाने पिशवीतून घरी बांधून आणलेले सँडविच काढले आणि दोन मुलींना वाटले. घरचं खाणं आत न्यायला तिथल्या उद्यानांत मुभा आहे, हे मला बरं वाटलं. वॉल्ट डिस्ने त्या रात्री तिथे असता, तर वरच्या टेबलाशी बसला असता की या बाकावर, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. उत्तर सरळ नाही. चाळीस डॉलर खिशात असताना पहिल्या वर्गाचं तिकीट काढणारा तोच, आणि श्रीमंतीत डबे एकत्र करून चिली खाणाराही तोच. वरच्या मजल्यावर निवडकांसाठी क्लब काढणारा तोच, आणि एक डॉलरमध्ये सगळ्यांना आत घेणाराही तोच. त्याच्या नगरीत आज दोन्ही ताटं आहेत. पण नगरी सुचली ती टेबलावर नव्हे, शेंगदाणे खाताना बाकावर. बाकावरच्या बापाला जोवर तिथे जागा आहे, तोवर वरच्या गच्चीवरचा पास्ता कितीही महाग असला तरी बिघडत नाही. ती जागा दर वर्षी थोडी थोडी महाग होते आहे, याची काळजी मात्र वाटते.

एक गोष्ट सांगायची राहिली. फ्रिजमध्ये सॉसेज ठेवणाऱ्या थेल्माबाई १९९४ साली वारल्या. साध्याशा घरात राहत होत्या. मागे बघितलं तर त्यांनी ते शेअर खरोखरच विकले नव्हते, आणि त्यांची किंमत झाली होती सुमारे नऊ दशलक्ष डॉलर. त्यातला अर्धा वाटा त्यांनी गरीब, गरजू मुलांच्या कामासाठी ठेवला होता. वरून पाहणाऱ्याला त्या बाईंचा पाव आयुष्यभर कोरडाच दिसला.